कुलपातली पोथी

पुस्तक विकत घेणे ही आपल्याला अगदी साधी गोष्ट वाटते. दुकानात जायचं, पैसे मोजायचे, पुस्तक पिशवीत टाकायचं आणि घरची वाट धरायची. त्या क्षणापासून ते पुस्तक आपलं. मग ते शेजाऱ्याला वाचायला द्या, समासात पेन्सिलीने खुणा करा, वाचनालयाला भेट द्या, नाहीतर उशाखाली घेऊन झोपा. ज्याने ते विकले तो दुकानदार पुढे कधी आपल्या दारात येत नाही.

पण गेल्या पंधरा-वीस वर्षांत पुस्तकाची एक नवी जात आली आहे. तिला ई-बुक म्हणतात. कागद नाही, शिवण नाही, वजन नाही. तळहाताएवढ्या यंत्रात हजारो पुस्तके मावतात, अक्षर लहान वाटले तर मोठे करता येते, आणि रात्री दोन वाजता इच्छा झाली तरी दोन मिनिटांत पुस्तक हातात. सोय मोठीच, ती नाकारण्यात अर्थ नाही. मात्र ह्या पुस्तकांपैकी पुष्कळांना एक कुलूप असते, आणि त्या कुलपाची किल्ली वाचकाकडे नसून विकणाऱ्याकडे असते. हे कुलूप नवे, यंत्रयुगाने आणलेले, असे आपण समजतो. ते तसे नाही. मराठी ग्रंथांना कुलपे घालून झालेली आहेत, तीही सहा-साडेसहा शतकांपूर्वी, आणि त्या हकीगतीचा बराचसा भाग आपल्याच मुलखात घडलेला आहे. आज ती हकीगत आधी सांगतो, मग यंत्राकडे वळू.

आपल्या छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे १५ किलोमीटरवर देवगिरीचा किल्ला आहे. तेराव्या शतकात तेथे यादवांचे राज्य नांदत होते, आणि त्याच काळात चक्रधरस्वामींनी महानुभाव पंथ उभा केला. पैठणशी त्यांचा निकटचा संबंध. स्वामींनी स्वतः ग्रंथ लिहिला नाही. ते बोलत, लोक ऐकत. त्यांच्या पश्चात नागदेवाचार्यांच्या देखरेखीखाली म्हाइंभटाने स्वामींच्या आठवणी गोळा केल्या. ज्याने जे पाहिले, जे ऐकले, ते त्याला गाठून विचारायचे, पडताळायचे आणि मग लिहायचे, असा त्याचा क्रम होता. त्यातून लीळाचरित्र सिद्ध झाले. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ तो हाच. नागदेवाचार्यांचा कटाक्ष असा की जे लिहायचे ते मराठीत. केशोबासांसारखा संस्कृतचा पंडित संस्कृतात प्रश्न करू लागला तर त्यालाही त्यांनी मराठीतच विचारायला लावले. सामान्य माणसाला, बायाबापड्यांना समजावे, ही त्यामागची दृष्टी. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे जे झाले ते ह्याच्या अगदी उलट दिसते.

१२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला. १३०७ साली मलिक काफूर आला. १३१८ साली यादवांचे राज्य संपले. त्या धामधुमीत पंथाचे आचार्य रानोमाळ झाले, आणि लीळाचरित्राची मूळ पोथी नाहीशी झाली. वाटेत चोरट्यांनी लुटली, असे पंथाची परंपरा सांगते. चोरांना त्या पोथीचा काय उपयोग झाला असेल कोण जाणे! पण ग्रंथ गेला. मग काय राहिले? राहिली माणसांची आठवण. हिराइसा नावाची एक महानुभाव स्त्री होती. तिचे पाठांतर विलक्षण. तिच्या मुखातून, आणि आणखी काहीजणांच्या आठवणीतून, लीळा पुन्हा लिहून काढण्यात आल्या. म्हणूनच लीळाचरित्राचे निरनिराळे पाठ आढळतात, आणि त्यांत हिराइसेच्या नावाचा पाठ आहे. मराठी गद्याचा पहिला ग्रंथ एका बाईच्या स्मरणशक्तीने वाचला, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकांत आणखी ठळक अक्षरांत छापायला हवी, असे मला वाटते.

एकदा असे नुकसान सोसलेला पंथ पोथ्यांच्या बाबतीत सावध झाला तर नवल नाही. चौदाव्या शतकात महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत लिहायला सुरुवात केली. तिला सकळ लिपी म्हणतात. सह्याद्रिवर्णन लिहिणारे रवळोबास हे तिचे कर्ते, असे परंपरा मानते. तिची युक्ती तत्त्वतः सोपी आहे. अक्षरे नागरीच, पण एका अक्षराच्या जागी दुसरे, ठरलेल्या रीतीने. समजा, 'क' लिहिला की 'प' वाचायचा आणि 'त' लिहिला की 'म' वाचायचा, असा कोठा ज्याला पाठ आहे तो धडाधडा वाचत जाईल. ज्याला नाही, त्याच्यापुढे सुंदर अक्षरांतला निरर्थक मजकूर. पुढे सुंदरी, अंक, शून्य, वज्र अशा आणखी लिप्या झाल्या. निरनिराळ्या आम्नायांनी आपापल्या लिप्या वापरल्या. किल्ली महंतांकडे, आणि महंतांकडून शिष्याकडे.

असे का केले, ह्याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. कोणी म्हणतात परचक्राची भीती. कोणी म्हणतात वैदिक परंपरेतल्या विरोधकांची भीती. कोणी म्हणतात अनधिकारी माणसाच्या हाती ब्रह्मविद्या जाऊ नये म्हणून. कोणी तर थोडक्यात लिहिण्याची ती सोय होती असेही सुचवितात. कदाचित ह्या सगळ्यांतले थोडेथोडे खरे असेल. आपल्या आजच्या विषयाला महत्त्वाचे आहे ते त्याचे परिणाम.

एक परिणाम चांगला झाला, आणि तो प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. पोथ्या थोड्या हातांत राहिल्या, त्यामुळे त्यांची जुनी भाषा पुष्कळशी जशीच्या तशी टिकली. ज्ञानेश्वरी घरोघर गेली, आणि प्रत्येक नकलणाऱ्याने तिला आपल्या काळाचे शब्द थोडेथोडे चिकटवले. महानुभावांच्या गद्यावर तो संस्कार कमी झाला. यादवकालीन मराठी माणूस कसा बोलत असेल हे आज आपल्याला ऐकू येते, ते ह्या कुलपामुळे.

पण दुसरा परिणाम फार महाग पडला. मराठी मुलखाला आपलाच ठेवा पाच-सहाशे वर्षे वाचता आला नाही. जो ग्रंथ बायाबापड्यांना कळावा म्हणून मराठीत लिहिला, तो मराठी पंडितांनाही कळेना. पोथी दिसते, वाचता येत नाही. मग लोक तिच्याविषयी कल्पना करू लागतात, आणि त्या कल्पना क्वचितच चांगल्या असतात. 'मानभाव' ह्या शब्दाला मराठीत जो विपरीत अर्थ चिकटला, त्यामागे हे अज्ञानही होतेच. आणि गंमत अशी की ह्याच पोथ्या पंथाबरोबर पंजाबात आणि त्याही पलीकडे काबूलपर्यंत गेल्या. तेथले जयकृष्णी अनुयायी त्या मराठीत वाचत होते. म्हणजे काबूलच्या मठात जी मराठी समजत होती ती पुण्याच्या वाड्यात समजत नव्हती.

हे कुलूप विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत उघडले. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ह्यांनी चिकाटीने सकळ लिपीचा उलगडा केला आणि किल्ली जाहीर केली. पंथातल्या काही महंतांनीही पुढे मन मोठे करून पोथ्या अभ्यासकांपुढे ठेवल्या. ठाण्याच्या वि. ल. भावे ह्यांनी महाराष्ट्र सारस्वताच्या १९१९ च्या आवृत्तीत ह्या वाङ्मयाला मोठी जागा दिली. १९३६-३७ च्या सुमारास ह. ना. नेने ह्यांनी लीळाचरित्र भागाभागांनी छापले, आणि १९७८ साली वि. भि. कोलते ह्यांनी सिद्ध केलेली मोठी प्रत महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केली. मराठी वाङ्मयाचा आरंभ शिकवण्याची रीतच त्यामुळे बदलली.

आता इथे एक बारकावा आहे, तो निसटू देऊ नका. सकळ लिपीचे कुलूप अक्षरांना होते, पोथीला नव्हते. पोथी ज्याच्या घरी आहे त्याच्याच घरी राहत होती. महंत रागावले म्हणून पोथीतली शाई आपोआप उडून जात नव्हती. म्हणूनच पाचशे वर्षांनी कोणी राजवाडे येऊन ती उलगडू शकला. वस्तू हातात होती, नुसती किल्ली शोधायची होती.

पैठणातच एक वेगळी वाट चोखाळलेली दिसते. शके १५०६, म्हणजे १५८४ साली, एकनाथ महाराजांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तीनशे वर्षांच्या नकलांत पाठ बिघडले होते, कोणी पदरच्या ओव्या घुसडल्या होत्या. नाथांनी पोथ्या मिळविल्या, ताडून पाहिल्या आणि शुद्ध पाठ ठरविला. शेवटी त्यांनी बजावून ठेवले की ह्यात जो आपली ओवी घालील तो अमृताच्या ताटात करवंटी ठेवील. बस्स, एवढेच कुलूप! अक्षरे लपविली नाहीत, नक्कल करायला बंदी केली नाही, वाचकाच्या लाजेवर भरवसा ठेवला. आणि विचार करा, नाथांना पाठ शुद्ध करता आला तो का? तर निरनिराळ्या घरी निरनिराळ्या प्रती होत्या म्हणून. एकच प्रत एकाच कोठारात असती, आणि कोठारवाल्याने ती रातोरात बदलली असती, तर ताडून काय पाहणार?

कुलूप मुद्दाम घालावेच लागते असेही नाही. मोडीचे उदाहरण घ्या. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कोट्यवधी कागद आहेत, बहुतेक मोडीत. त्यांना कोणी संकेत लावला नाही. फक्त मोडी शिकवणे बंद झाले, आणि आजोबांचे खरेदीखत नातवाला वाचता येईना. ई-बुकांच्याही लिप्या असतात, म्हणजे फाइलींचे प्रकार. एका कंपनीचा एक, दुसरीचा दुसरा. कंपनीने एखादा प्रकार सोडून दिला की त्यातल्या पुस्तकांची मोडी व्हायला वेळ लागत नाही.

तर आता यंत्राकडे वळू. अमेरिकेत अॅमेझॉन कंपनीने २००७ च्या नोव्हेंबरात किंडल हे वाचनयंत्र विकायला काढले. भारतात तिचे ई-बुकांचे दुकान २०१२ साली आले, आणि २०१६ च्या डिसेंबरात मराठीसह पाच भारतीय भाषांतली पुस्तके त्यात मिळू लागली. त्या आधीही आणि त्या बाहेरही मराठी ई-बुके होती, पण खेड्यातल्या मास्तरालाही मोबाइलवर मराठी कादंबरी मिळू लागली, ही गोष्ट लहान नव्हे. जिल्ह्याच्या गावापर्यंत एसटीने येऊन पुस्तक धुंडाळणारे वाचक आपल्या मराठवाड्यात काही कमी नव्हते.

ह्या पुस्तकांना जे कुलूप असते त्याला डीआरएम म्हणतात. मजकूर संकेतात बदललेला असतो, सकळ लिपीसारखाच, पण गणिताच्या कितीतरी बिकट रीतीने. तो उलगडण्याची किल्ली यंत्राच्या पोटात, आणि ती किल्ली आपल्या खात्याशी बांधलेली. खाते चालू, तर पुस्तक उघडे. खाते बंद, कंपनीने दुकान आवरले, तर पुस्तक असून नसल्यासारखे. खरेदीच्या वेळी आपण 'मान्य आहे' म्हणून जे बटण दाबतो, त्या करारात लिहिलेले असते की हे पुस्तक तुम्हाला विकलेले नाही, वाचण्याचा परवाना दिलेला आहे. तो लांबलचक करार कोण वाचतो? मीही सगळा वाचलेला नाही. पण तेवढे एक वाक्य वाचण्यासारखे आहे.

ह्या परवान्याचा अर्थ काय, तो २००९ च्या जुलैमध्ये जगाला कळला. जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तके किंडलच्या दुकानात कोणीतरी विकायला ठेवली होती, आणि ज्याने ठेवली त्याच्याकडे अमेरिकेतले हक्क नव्हते. चूक ध्यानात येताच कंपनीने ती पुस्तके दुकानातून काढली, इथवर ठीक. पण ज्यांनी ती आधीच घेतली होती त्यांच्या यंत्रांतूनही ती दुरूनच पुसून टाकली. पैसे परत केले, पुस्तक गेले. त्या दोन पुस्तकांतले एक कोणते होते? '१९८४'. सरकारला नको असलेला मजकूर भट्टीत टाकून नाहीसा करणाऱ्या राज्याची जी कादंबरी, तीच! असा योगायोग कादंबरीकाराने लिहिला असता तर आपण त्याला हसलो असतो. एका विद्यार्थ्याने त्या पुस्तकावर अभ्यासाची टिपणे केली होती. टिपणे उरली, पण ती कशावरची हे सांगणारे पुस्तक गेले. प्रकरण कोर्टात गेले, कंपनीच्या प्रमुखाने जाहीर माफी मागितली, आणि काही अपवाद सोडून पुन्हा असे करणार नाही, असे तडजोडीत लिहून दिले.

दुकानेच बंद होतात, त्याची उदाहरणे तर अनेक. आपल्याकडे फ्लिपकार्टने २०१२ साली ई-बुके विकायला सुरुवात केली, आणि २०१५ च्या डिसेंबरात तो व्यवसाय सोडून ग्राहकांना कोबो नावाच्या परदेशी दुकानाकडे वळविले. तीन वर्षांत दुकान उठले! मायक्रोसॉफ्टसारख्या बलाढ्य कंपनीने २०१९ साली आपले ई-बुकांचे दुकान आवरले. पैसे परत दिले, ज्यांनी पुस्तकांवर टिपणे केली होती त्यांना २५ डॉलर जास्त दिले, आणि त्या जुलैपासून पुस्तके उघडेनाशी झाली. व्यवहार म्हणून तो चोख होता. पण टिपणांची किंमत सर्वांना सारखी पंचवीस डॉलर, हा हिशेब वाचणाऱ्या माणसाला पटत नाही. चीनमध्ये किंडलचे दुकान २०२३ च्या जूनअखेर बंद झाले. घेतलेली पुस्तके उतरवून घ्यायला एक वर्ष मिळाले.

आणि पुस्तक पुसले नाही तरी बदलता येते. २०२३ साली रोआल्ड डाल ह्या प्रसिद्ध बालसाहित्यिकाच्या पुस्तकांतले कित्येक शब्द प्रकाशकांनी नव्या आवृत्तीत बदलले. बदलावेत की नाही, हा वाद वेगळा. पण ज्यांनी जुनी ई-बुके घेतली होती त्यांच्याही यंत्रांवर बदललेला मजकूर आपोआप गेल्याचे ब्रिटनच्या वृत्तपत्रांनी छापले. नाथांनी पोथ्या ताडून पाहिल्या होत्या. इथे ताडायला जुनी प्रतच शिल्लक ठेवायची नाही. कपाटातल्या कागदी पुस्तकात असा फेरफार करायचा तर घरफोडी करावी लागली असती.

पूर्वी एक पळवाट होती. किंडलचे पुस्तक संगणकावर उतरवून घेता येत असे आणि तारेने यंत्रात घालता येत असे. म्हणजे निदान आपली एक प्रत आपल्या घरी राही, कुलपासकट का होईना. २६ फेब्रुवारी २०२५ पासून कंपनीने ती सोय काढून घेतली. आता कुलपाचे पुस्तक कंपनीच्या कोठारातून थेट यंत्रात. पोथी घरी ठेवण्याचा प्रश्नच मिटला! ह्याच सुमारास, १ जानेवारी २०२५ पासून, अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात मात्र असा कायदा आला की अशा परवान्याच्या वस्तूला विक्री म्हणायचे असेल तर हा परवाना आहे, हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगितले पाहिजे.

आता दुसरी बाजू. लेखक म्हणेल, कुलूप नसेल तर माझे पुस्तक एकाने घ्यायचे आणि शंभरांनी फुकट वाचायचे, मग मी खायचे काय? हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. मराठी लेखकाचे पोट लेखनावर कधी भरलेच नाही, आणि नव्या पुस्तकाच्या पीडीएफ मोबाइलवर फिरताना आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. 'पुढे पाठवा' म्हणून कोणी आपल्यालाही पाठवल्या असतील. ती चोरीच आहे. पण गंमत अशी की त्या पीडीएफ पुष्कळदा छापील पुस्तकांवरूनच काढलेल्या असतात. चोर कुलपाच्या वाटेला जात नाही, खिडकीतून येतो. कुलपाचा जाच होतो तो पैसे मोजून पुढच्या दाराने आलेल्या माणसाला.

त्यातही सर्वांत जास्त जाच अंध वाचकांना झाला. ई-बुक मोठ्याने वाचून दाखवण्याची सोय किंडलच्या २००९ च्या यंत्रात होती. अमेरिकेतल्या लेखकसंघाने हरकत घेतली की हा श्राव्य पुस्तकांच्या हक्काचा भंग आहे, आणि कंपनीने ही सोय पुस्तकागणिक बंद करण्याची मुभा प्रकाशकांना दिली. ज्याला डोळ्यांनी वाचता येत नाही त्याच्यापुढे पुस्तक आहे, वाचणारे यंत्र आहे, आणि मध्ये कुलूप आहे! ह्या बाबतीत आपल्या देशाने चांगले पाऊल उचलले. २०१२ च्या दुरुस्तीने अपंग वाचकांसाठी पुस्तक सुलभ रूपात आणण्याची मोकळीक कायद्यात आली, आणि अंधांच्या वाचनहक्काविषयीच्या माराकेश कराराला मान्यता देणारा जगातला पहिला देश २०१४ साली भारत ठरला.

त्याच २०१२ च्या दुरुस्तीने आपल्या कॉपीराइट कायद्यात ६५अ हे कलम घातले. हक्कभंग करण्याच्या हेतूने जो असे कुलूप तोडील त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. 'हेतूने' हा शब्द महत्त्वाचा आहे. कायद्याने ज्याला स्पष्ट मनाई केलेली नाही अशा कामासाठी कुलूप उघडले तर ह्या कलमाची आडकाठी नाही; मात्र दुसऱ्याला उघडून देणाऱ्याने कोणाला दिले त्याचे नाव-पत्ता नोंदवून ठेवला पाहिजे. अमेरिकेतला १९९८ चा कायदा ह्याहून पुष्कळ कडक आहे. तरी पण करार आणि कायदा ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कायद्याने सोडले म्हणून कंपनी आपल्या करारावर बोट ठेवून खाते बंद करणार नाही, असे नाही.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याचे लेखन सर्वांचे होते. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून 'श्यामची आई' २०११ च्या १ जानेवारीपासून मोकळी आहे. ह. ना. आपटे, गडकरी तर त्याच्या कितीतरी आधी मोकळे झाले. पण विकणाऱ्याने ह्याच पुस्तकाच्या ई-बुकाला कुलूप घातले तर ते कुलूप साठ वर्षे झाली म्हणून गळून पडत नाही. कायद्याची मुदत संपते, कुलपाची संपत नाही.

मग वाचकाने करायचे काय? यंत्र फेकून द्या, असे मी म्हणणार नाही. ज्यांची नजर अधू झाली आहे अशा कित्येक वयस्कर वाचकांना ह्या यंत्राने पुन्हा वाचते केले आहे. पण घेताना एवढे पाहावे, की हे पुस्तक बिनकुलपाचे मिळते का. मराठीत अशी सोय आहे. साहित्य संस्कृती मंडळाने आपली कितीतरी पुस्तके आपल्या संकेतस्थळावर पीडीएफ रूपात मोफत ठेवली आहेत. विश्वकोशाचे खंड महाजालावर वाचता येतात. ई साहित्य प्रतिष्ठान ही संस्था लेखकांच्या संमतीने मराठी ई-पुस्तके विनामूल्य देत आली आहे. आणि ईपब किंवा पीडीएफ अशा खुल्या प्रकारातले पुस्तक बहुतेक कंपन्यांच्या यंत्रांत उघडते, नाहीतर त्या यंत्राच्या प्रकारात बदलून घेता येते.

अशी पुस्तके नीट लावून ठेवायला कॅलिबर नावाची एक प्रणाली आहे, फुकट मिळणारी. ती कोविद गोयल ह्या भारतीय तरुणाने २००६ साली, शिकत असताना, स्वतःच्या गरजेपोटी सुरू केली. सोनी कंपनीचे वाचनयंत्र त्याने घेतले, ते त्याच्या लिनक्स संगणकाशी बोलेना, तेव्हा यंत्राची भाषा ह्यानेच उलगडून काढली. राजवाड्यांच्या जातीचे काम! आज जगभरचे वाचक ती वापरतात. पुस्तकांची यादी ठेवायची, एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात बदलायची, यंत्रात भरायची, हे सगळे त्यात होते. डीआरएमचे कुलूप मात्र ती स्वतः काढत नाही.

बिनकुलपाच्या पुस्तकाची एक प्रत संगणकावर आणि एक वेगळ्या तबकडीवर असावी. आपली टिपणे निराळी उतरून ठेवावीत, कारण ती कुठल्याच दुकानात पुन्हा मिळत नाहीत. जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखनिक विनंती लिहीत असे, की हिला तेलापासून सांभाळा, पाण्यापासून सांभाळा, सैल बांधू नका आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. ह्या यादीत आता आणखी दोन-चार कलमे वाढली, एवढेच.

आणि एका गोष्टीचा घरात बसून विचार करावा. आपल्याकडे वाटणी होते तेव्हा भांडीकुंडी, जमीन, दागिने ह्यांच्याबरोबर पोथ्या-पुस्तकेही वाटली जातात. 'दासबोध थोरल्याकडे, गाथा धाकट्याकडे' अशी वाटणी झालेली घरे मराठवाड्यात गावोगाव सापडतील. कुलपाच्या ई-बुकांची वाटणी होत नाही. परवाना एका माणसाच्या नावाचा, तो दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, असे करारातच लिहिलेले असते. म्हणून जी पुस्तके मुलाबाळांनी वाचावीत असे वाटते, ती कागदावर घ्यावीत किंवा बिनकुलपाची घ्यावीत, आणि ती कोणत्या तबकडीवर आहेत हे घरातल्या एखाद्या तरी माणसाला सांगून ठेवावे.